उदबत्तीपुढचा योद्धा

कान्दा, एदो
पाचवा महिना, नववी तिथी

प्रिय तोसेन,

तुझी आणि ओशिमा वहिनींची तब्येत ठीक असेल. इकडे डासांनी हैदोस घातलाय, बाकी सगळं जागच्या जागी. तुझ्या योद्ध्याचं छापील चित्र धडाधड खपतंय. प्रकाशक माझ्याशी चक्क गोड बोलला, यावरून काय ते समज.

काल तू घरी येऊन माझ्यापुढे जमिनीला डोकं टेकलंस. "यासो, माझा मात्सु तू मला परत दिलास," म्हणालास. मी "अरे, ऊठ, ऊठ" एवढंच म्हणालो आणि वर तू आणलेली साके प्यायलो. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

चित्र देताना तू म्हणाला होतास, "तायरा घराण्यातला तो बासरीवाला कोवळा योद्धा काढलाय, पण चेहरा माझ्या गेलेल्या पोराचा आहे. पुन्हा काढायला सांगू नकोस, माझ्याच्यानं होणार नाही." छापायचा ठसा कोरायला मी ते नेहमीसारखं लाकडी फळीवर उलटं चिकटवलं. कोरता कोरता कागद संपतो, हे तुला मी काय सांगू! चिलखत, घोडा, लाटा हाताखालच्या लोकांनी कोरल्या. चेहरा माझ्याकडे. भुवई चालू असताना गल्लीत मोसमातले पहिले कात्सुओ मासे विकणाऱ्याची आरोळी आली आणि मी, हावरट मेला, मान वळवली. डोळ्यापासून ओठापर्यंत टवका उडाला.

तेव्हाच तुझ्याकडे धावत यायला हवं होतं. आलो नाही. चेहरा कोरावा तो यासोगोरोनंच, असं लोक म्हणतात ना! लाकडाचा नवा तुकडा ठोकून बसवला आणि आठवणीनं चेहरा पुरा केला. मात्सु माझ्या अंगाखांद्यावर खेळलेला, वाटलं, जमेल. जमलं असंच वाटत होतं.

परवा ओतामीनं छापलेलं चित्र पाहिलं आणि हसतच सुटली. "अहो, आपल्या कानेजीला चिलखत कधी चढवलंत?"

तोसेन, तो माझा कानेजी आहे. हनुवटीसकट. पहिली प्रत घेऊन आलो तेव्हा तू रडत होतास, तुला दिसलं नाही. वहिनींनी मात्र चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

काल तूच म्हणालास, ते चित्र तुम्ही देव्हाऱ्यात ठेवलंय, रोज भात आणि उदबत्ती. ऐकून माझ्या मनात काय आलं सांगू? तुझं दुःख नाही आलं. माझ्या जित्याजागत्या पोरापुढे मेलेल्याची उदबत्ती, हे आलं. त्या भीतीनं हे पत्र लिहितोय. तुझ्यासाठी लिहितोय असं म्हणायची माझी लायकी नाही.

पत्र घेऊन कानेजीलाच पाठवतोय. त्याला काही ठाऊक नाही, त्याच्यावर रागावू नकोस. एकदा त्याच्या तोंडाकडे नीट बघ, मग चित्राकडे. आणि ती उदबत्ती विझव.

मात्सुचा चेहरा फक्त त्या कागदावर होता. तो मी कापला.

काल तू ज्याच्यापुढे वाकलास,
तो यासोगोरो