मुद्दाम चुकायची परीक्षा

१४ ऑक्टोबर

कंत्राट वाढलं नाही. म्हणजे 'नाही' असंही कुणी म्हटलं नाही. आमचे प्रशिक्षक रॉस म्हणाले, "बघू. तू सरावाला ये. जानेवारीत डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं की एक वर्ष तुझं." तेहतिसाव्या वर्षी 'बघू' ऐकून घ्यायचं! रग्बी लीगमध्ये हाडं झिजवली ती याच क्लबासाठी.

बाहेर ब्रेडन पाणी पीत उभा. माझ्याच जागेवर खेळतो, माझ्याच जागेवर डोळा. "काय म्हणाले, काका?" काका म्हणे. गधडा.

मला एकच वर्ष हवंय. पुढच्या ऑक्टोबरात टोंगाचा, म्हणजे आमच्या देशाचा सामना राजधानीत, नुकुअलोफाला आहे — घरच्या मैदानावर. क्लब सुटला तर त्या संघात कोण घेतंय? बाबा बेट सोडून हलत नाहीत, विमानाचं नाव काढलं की पाठ फिरवतात. मला आजवर त्यांनी खेळताना पाहिलं ते टीव्हीवर. तेवढा एक सामना त्यांच्यासमोर खेळायचा, मग बूट खुंटीला.

१९ ऑक्टोबर

बाबांना फोन केला. काही ठरलेलं नसताना बोलायचं नव्हतं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. पुढच्या वर्षी तुमच्यासमोर खेळतो म्हणालो.

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "टीव्हीवर तू नेहमी ढिगाच्या तळाशी असतोस. इथं तरी वर दिसशील का?"

"माझं कामच ते आहे बाबा. पाडायचं आणि चेंडू उचलायचा."

"मग काय, मी खाली वाकून बघीन."

२२ ऑक्टोबर

बाबांनी डुक्कर घेतलं. सामन्याच्या मेजवानीसाठी, आत्तापासून! माझ्या बायकोच्या, मेलेच्या फोनवर फोटो आलाय. मांजराएवढं आहे. सगळ्या कोलोवाई गावाला सांगून झालंय म्हणे.

आता माघार नाही.

११ नोव्हेंबर

सराव सुरू. इथला उन्हाळा लागलाय, ऊन असं की गवतावर हात टेकवत नाही. टेकडीवर पळापळीत ब्रेडनला दोनदा मागे टाकलं. त्याने तिसऱ्यांदा टाकू दिलं नाही.

दुपारी एक घोटाळा झाला. मी डावाची खूण ओरडलो, सगळे माझ्याकडे बघत उभे. ती खूण गेल्या मोसमातली होती. रॉस म्हणाले, "साया, तू कुठल्या वर्षात आहेस?" सगळे हसले. मीही हसलो. ऊन डोक्यात चढलं की असं होतं.

१६ नोव्हेंबर

चर्चनंतर मेव्हण्याकडे, पेनीकडे जेवण. पेनीच्या बायकोने अळूच्या पानांत बांधून शिजवलेलं मटण केलं होतं, नारळाच्या दुधातलं. चार पुड्या खाल्ल्या. पोट भरलं की माझं तोंड सैल सुटतं.

पेनीला पत्त्यांच्या परीक्षेची गंमत सांगत होतो. जानेवारीत क्लबाच्या डॉक्टरीणबाई संगणकाचा पडदा पुढ्यात ठेवतात. पत्ते येत राहतात. हा पत्ता आधी आला होता का? हो किंवा नाही दाबायचं, जमेल तेवढं भरभर. मोसमात डोक्याला मार बसला की हीच परीक्षा पुन्हा घेतात आणि जानेवारीचा निकाल शेजारी ठेवतात. त्याहून खाली आलास की बस घरी.

मग शहाणा माणूस काय करतो? जानेवारीतच मुद्दाम चुकतो. तीन पत्ते नीट, चौथा चुकवायचा, बोट जरा उशिरा दाबायचं. आधीच खाली असलो तर आणखी किती खाली येणार? मार बसूनही पास. हे मला क्लिफोने पहिल्या वर्षीच शिकवलं — आमच्यातला सगळ्यात जुना खेळाडू तेव्हाचा. "जानेवारीत हुशारी दाखवील तो मे महिन्यात बाकावर बसेल." मी दरवर्षी तेच करतो, आणि काही मी एकटाच नाही.

पेनी हसून हसून लोळला. मेले मागे ताटं घेऊन उभी होती, ते मला दिसलंच नाही.

"किती वेळा?" तिने विचारलं.

"काय किती वेळा?"

"डोक्याला मार बसून असा पास झालास, ते."

"नक्की आठवत नाही."

यावर पेनीची बायकोही हसली. मेले हसली नाही.

१७ नोव्हेंबर

अबोला. डब्यात नुसता पाव.

१८ नोव्हेंबर

अखेर बोलली. चिडून नाही, तेच वाईट. मेले वृद्धाश्रमात नर्स आहे. तिथं दोन जुने खेळाडू आहेत, माझ्या लहानपणी ज्यांची चित्रं भिंतीवर असायची त्यांतले. एकाला ती रोज सकाळी बायकोचं नाव सांगते.

"ते म्हातारे आहेत," मी म्हणालो.

"एक अठ्ठावन्नचा आहे."

मी उठून पाणी ओतून घेतलं.

"वजनकाट्याखाली तूच दगड ठेवलास, साया. आता खरं वजन किती, ते तुला तरी माहीत आहे का? आणि मला कोण सांगणार?"

मी आवाज चढवला. आमची लेसी झोपेतून उठून आली. सहा वर्षांची पोर दारात उभी राहून दोघांकडे बघतेय म्हटल्यावर लाज वाटली.

शेवटी ठरलं. या जानेवारीत परीक्षा खरी द्यायची. जीव ओतून. निकाल वर गेला तर मेले तोंड उघडणार नाही, आणि मी वर्षभर खुशाल खेळायचं. नुकुअलोफालाही. नाही गेला तर तिथंच थांबायचं.

सौदा माझ्याच फायद्याचा आहे. दरवर्षी हात बांधून लढतो, यंदा मोकळ्या हाताने लढायचं. निकाल एवढा वर जाईल की डॉक्टरीणबाई चक्रावतील.

३ डिसेंबर

क्लिफोचा फोन आला होता. आता लोकांच्या छपरांची कामं करतो. त्याला सांगितलं.

"वेडा झालास? खरी देणार? आमच्या क्लबात असला प्राणी झाला नव्हता."

"बायकोला शब्द दिलाय."

"मग बायकोला घाल मैदानात." थोड्या वेळाने म्हणाला, "जमेल ना पण तुला?" मी म्हटलं, न जमायला काय झालं? तो म्हणाला, "नाही, सहज विचारलं." मग गोष्ट छपराच्या पत्र्यांवर नेली.

१४ डिसेंबर

परीक्षेची तयारी म्हणून लेसीबरोबर पत्ते. सगळे पालथे मांडायचे, दोन उलटायचे, जोडी जमली की आपली. तिने धुव्वा उडवला.

"बाबा, राणी इथं होती. आत्ताच तूच उघडलीस!"

पोरं या खेळात तरबेजच असतात.

१५ डिसेंबर

पुन्हा हरलो. पोरगी आता मला आधी खेळू देते, दया म्हणून.

२५ डिसेंबर

नाताळ. चर्चमध्ये तीन तास गाणं, घसा बसला. बाबांना व्हिडिओवर फोन. आधी डुक्कर दाखवलं, मग स्वतःचं तोंड. चांगलं दांडगं झालंय — डुक्कर. बाबा मात्र उतरलेत. काठी होती हातात, कॅमेऱ्यापासून लपवत होते.

"पाय दुखतो का?"

"पाय माझा आहे. तू तुझे सांभाळ."

मैदानात कुठं बसणार तेही ठरवून टाकलंय. पहिल्या रांगेत, खांबाजवळ. म्हणाले, "तिथून तळाचा माणूस बरा दिसतो." फोन ठेवल्यावर मला रडू आलं. मेलेने पाहिलं, टॉवेल आणून दिला.

८ जानेवारी

बाजारातून येताना गाडी सापडेना. पार्किंगचे दोन मजले पालथे घातले. शेवटी मेले म्हणाली, आपण बसने आलो होतो. गाडी गॅरेजात आहे.

कुणीही विसरेल. परवाच तर टाकली गॅरेजात.

१९ जानेवारी

ब्रेडनला आज दिवसभर ब्रेंडन म्हणत होतो म्हणे. तो म्हणतो, "म्हणू देत, काका एक अक्षर तर जास्तीच देतायत." तसा वाईट नाही पोरगा. सरावानंतर थांबून विचारतो — चेंडू उचलताना नजर कुठं ठेवायची, पाय कुठं. मी सांगतो. ते सगळं हातापायांत आहे, तिथं कधी अडत नाही.

२६ जानेवारी

परवा परीक्षा. पेनीकडे गुंगी आणणारा काव्हा प्यायला बोलावलं होतं, गेलो नाही. नऊला अंथरुणात. मेलेने पाय चेपून दिले. म्हणाली, "घाबरलास?"

"पत्त्यांना?"

खरं सांगायचं तर थोडा घाबरलोय. कोऱ्या कागदाला काय खोटं सांगायचं?

२८ जानेवारी

दिली! आणि काय दिली! एकही पत्ता मुद्दाम सोडला नाही. बोट पडद्यावरच ठेवलं होतं, पत्ता आला की दाबलं. एकदाही अडखळलो नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज घाम पुसत होतास." म्हटलं, आज मन लावलं. शेजारच्या खुर्चीवर ब्रेडन होता, तो मात्र सावकाश दाबत होता. त्यालाही कुणीतरी शिकवलेलं दिसतंय. बाहेर आल्यावर त्याला म्हटलं, असं करू नकोस. "पण सगळेच करतात, काका." मी म्हटलं, मी नाही करत. केवढं बरं वाटलं म्हणताना.

निकाल उद्या. घरी येताना लेसीला आइसक्रीम घेतलं. मेलेला म्हणालो, विमानाची तिकिटं बघायला घे, तिघांची. ती हसली. किती महिन्यांनी अशी हसली.

२९ जानेवारी

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. फार खुशीत होत्या. "अभिनंदन, साया. गेल्या वर्षीशी ताडून पाहिलं. तंतोतंत तेवढाच निकाल. जरासुद्धा घसरण नाही. रॉसना कळवते, खुशाल खेळ."

गेल्या वर्षी मी चौथा पत्ता मुद्दाम चुकवत होतो.

मेले स्वयंपाकघरातून विचारतेय, काय म्हणाल्या. दोनदा विचारून झालं. उठायला हवं. 'तेवढाच आला,' एवढं म्हटलं तरी तिला कळेल.