मागच्या चाकावरचा पत्रा

रिग्गई, कुवेत
शुक्रवार, दुपार

प्रिय शत्रुघ्न,

सुट्टीवर गावी येणारा रूपेश ही पिशवी तुझ्या हातात देईल तेव्हा तू आधी आतली वस्तू काढून बघशील आणि मग पत्र उघडशील, हे मला इथे बसून दिसतंय. वस्तू तुझीच आहे. तुझी स्प्रे गन. सहा वर्षं माझ्या पलंगाखाली तुझ्याच जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवली होती. आपल्या फोरमनने, अबरारने, दोनदा मागितली, मी हरवली म्हणून सांगितलं. अधूनमधून थिनरने धुतली आहे, नोझल अडकणार नाही. आता तू म्हणशील, फोन असताना पत्राचं हे काय खूळ. फोनवर आपण पाऊस, आंबा आणि आमच्या मंदाची तब्येत एवढं बोलतो आणि चौथा विषय निघायच्या आत दोघांतला एक जण 'बरं, ठेवतो' म्हणतो. बहुतेक वेळा मीच. आज त्या चौथ्या विषयाबद्दल लिहायचं आहे. आपली निळी गाडी पुन्हा बाहेर काढली आहे, आणि तिच्या पायी तुझी नोकरी गेली, त्याबद्दल मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. लगेच सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून थोडं इकडचं तिकडचं लिहितो. सवयीप्रमाणे कंटाळू नकोस.

मी थकलोय रे. सत्तावन्न म्हणजे काही वय नव्हे, पण एकतीस वर्षं हातोडी चालवल्यावर उजवा खांदा स्वतःचं वेगळंच वय सांगतो. सकाळी बूट घालायला बसलो की थोडा वेळ नुसता बुटांकडे बघत बसतो. खोलीतली नवी मुलं मला काका म्हणतात आणि पाणी आणून देतात, त्याचाही राग येतो. उन्हाळा तुला माहीत आहेच. शुवेखच्या शेडमध्ये दुपारी पत्र्याला हात लावला तर कातडी तिथेच राहील. पण पूर्वी त्या उन्हात आपण भांडायचो, हसायचो. आता मी एकटाच पत्रा ठोकतो आणि त्या आवाजात कानाला दुसरं काही ऐकू येत नाही, त्यामुळे बरंही वाटतं.

ती गाडी आपण आणली तो दिवस आठवतो का? अहमदीला, तेल कंपनीच्या जुन्या क्वार्टरच्या मागे, बोगनवेलीखाली उभी होती. सत्तर सालची दोन दारांची शेवरले. कुठल्याशा इंजिनीअरने पोरांना शाळेत सोडायला घेतलेली, साधी, छोट्या इंजिनाची. डिकीत मांजरीची पिल्लं होती आणि तू ती काढेपर्यंत टो ट्रक थांबवून ठेवला होतास. वर्षभर आपण तिच्यावर राबलो. मोठं इंजिन आलं, सीटा आल्या, बॉनेटवर तू ते दोन पांढरे पट्टे ओढलेस. मागच्या दोन्ही चाकांवरचा पत्रा तर पार सडलेला होता, तो मी नवा घडवून बसवला. शेवटी अशी उभी राहिली की कारखान्यातून मोठं इंजिन घालून आलेली अस्सल गाडी शेजारी आणली असती तर भले भले फसले असते. तरी अस्सलला पंचेचाळीस हजार दिनार आणि आपलीला पंधरा. गॅरेजच्या मालकांना, आपल्या अरबाबना, तू सरळ विचारलं होतंस की रंग तोच, पत्रा तोच, मग वरचे तीस हजार कसले? ते म्हणाले, जन्माचे. त्यावर तू माझ्याकडे वळून म्हणालास, "म्हणजे हयसर पण जातच इचारतत!" मी इतका हसलो की हातातला कप सांडला. अरबाबना मराठी कळत नव्हतं, तरी तेही हसले.

माणूस वाईट नव्हता. मालक असून आपल्याबरोबर जमिनीवर बसून चहा प्यायचा. त्याआधीच्या सगळ्या गाड्या त्याने 'बनवलेली' असं तोंडाने सांगूनच विकल्या. पण धंदा बसला आणि तीस हजारांचा आकडा त्याच्या डोक्यातून जाईना. अबरार फोरमन, तो वाटच बघत होता. नंबरावरून या गाडीचं इंजिन मोठं की छोटं ते कळत नाही, कारखान्यातला एक कागद लागतो, तेवढा असला की झालं, हे त्यानेच सांगितलं. मग तो कागद त्याने छापून आणला आणि काळ्या चहात बुडवून बॉनेटवर वाळत घातला. आपण दोघांनी तो बघितला. तू म्हणालास, चहात साखर घातली असती तर मुंग्यांनीही खरा मानला असता. आपण हसलो आणि कामाला लागलो. आपल्याला काय त्याचं, असं मी म्हणालो होतो. ते वाक्य माझंच.

मग गिऱ्हाईक मिळालं, आणि त्याने बाहेरून एक गोरा तपासनीस पाठवला. दोन दिवस त्याने गाडी चाटूनपुसून बघितली. रंगावर मीटर लावला, तुझ्या रंगाला मान डोलावली. निघायच्या आधी त्याने डिकीच्या बाजूच्या भोकातून वायरीसारखा बारीक कॅमेरा आत सोडला, डाव्या चाकावरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला. त्या पत्र्याला सत्तर सालानंतर कुणाचा हात लागला नाही, असं लिहून दिलेलं होतं. आणि पडद्यावर काय दिसलं, तर प्रायमरखाली खिळ्याने कोरलेली देवनागरी अक्षरं. त्याला ती लिपी कळेना, अबरारला वाचता येईना. मला हाक मारली. सगळ्यांसमोर मी वाचलं, 'श्री देव रवळनाथ प्रसन्न.' कसली भाषा, कोण हा, असं त्याने विचारलं. आमच्या गावचा देव, मी म्हणालो. त्याने पेनाचं टोपण लावलं आणि व्यवहार तिथेच मोडला.

पुढचं तुला सांगायची गरज नाही, पण मला लिहायची आहे. अबरारने तुझ्याकडे बोट दाखवलं. रंगाच्या खोलीत पहिला हात मारण्याआधी उदबत्ती लावणारा तू. देवाचं नाव दुसरं कोण लिहिणार? तुझा आणि माझा गाव एकच, देव एकच, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाजारात अरबाबची मान खाली गेली होती, कुणाला तरी घालवणं भागच होतं. तू एक अक्षर बोलला नाहीस. एरवी पुट्टीचा पाव मिलिमीटर जास्त झाला तरी शेड डोक्यावर घेणारा तू! आठ दिवसांत तुझा इथे राहायचा परवाना, इकामा, रद्द झाला. विमानतळावर मी तुझी बॅग उचलली, तू ती माझ्या हातातून काढून घेतलीस आणि एवढंच म्हणालास, "मंदाक सांभाळ." मी काही न कळल्यासारखं केलं.

आता नवीन बातमी. अरबाब गेल्या रमजानच्या आधी वारले. गॅरेज त्यांची मुलगी हिबा बघते. लहानपणी तू जिला उरलेल्या रंगाने सायकल रंगवून दिली होतीस, तीच. बाहेर शिकून आली आहे. पहिल्याच महिन्यात तिने मागच्या कोपऱ्यातली चादर ओढली आणि विचारलं, ही कुणाची? तिने तो चहातला कागद सगळ्यांसमोर फाडला. म्हणाली, ही बनवलेली गाडी आहे, बनवलेली म्हणूनच लिलावात जाईल, आणि कुणी बनवली ते त्यांच्या नावानिशी लिहायचं. आता म्हणे असंही एक गिऱ्हाईक असतं, ज्याला खोटा जन्म नको, खरे हात हवे असतात. तिने त्यासाठी एक पुस्तिकाच केली आहे. पहिल्या पानावर त्या गोऱ्याने काढलेला फोटो, आतल्या पत्र्याचा. तिने तो माझ्यासमोर ठेवला, खाली काय लिहिलंय ते नीट सांग म्हणाली, आणि कुणी लिहिलं तेही. मी तोंड उघडायच्या आत अबरार बोलला, वो शत्रुघ्न पेंटर, जिसको निकाला था. हिबाला आनंद झाला. तुझं नाव तिने पेन्सिलीने लिहून घेतलं. लिलावाच्या दिवशी तुला व्हिडिओवर बोलवायचं, मोठा पडदा लावायचा, असं सगळं तिच्या मनात होतं.

तीन दिवस मी गप्प बसलो. दुसऱ्यांदा. मनाला समजावलं की बरंच झालं, ज्या अक्षरांनी तुला घालवलं त्याच अक्षरांनी तुझं नाव होतंय, फिट्टंफाट झाली. इतकी सोपी फेड कुणाला नको असते? पण तो फोटो माझ्या टेबलावर पडून होता आणि त्यात दोन ओळी आहेत, शत्रुघ्न. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी एकच वाचली होती. दुसरी तारीख आहे. १४ डिसेंबर २०१६.

तो बुधवार होता. गोव्यात मंदाचं ऑपरेशन चालू होतं आणि मी इथे तिचा नवरा म्हणून काय करत होतो, तर पत्रा ठोकत होतो. तो पत्रा दुपारी वेल्डिंग करून बंद करायचा होता. माझे वडील घरं बांधायचे सुतार, तुला आठवत असतील. वासा वर चढवायच्या आधी त्याची जी बाजू कुणाला कधी दिसणार नाही तिथे ते देवाचं नाव कोरायचे. दिसतं ते घरमालकाचं, झाकतं ते देवाचं, असं म्हणायचे. माझ्या हातात खिळा होता आणि डोळ्यांना धड दिसत नव्हतं. मी नाव कोरलं, तारीख कोरली, प्रायमर मारला आणि पत्रा बंद केला. आणि त्या दिवशी तू कुठे होतास? तू रजेवर गावी होतास. ऑपरेशनच्या दाराबाहेर माझ्या जागी बाकावर तू बसला होतास. मी ती तारीख वाचली असती तर तुझ्यावर बोट ठेवायची कुणाची छाती झाली नसती. मी वाचली नाही. पण तुला मराठी येतं. तू पडद्याकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे. तुला त्याच क्षणी सगळं कळलं होतं, आणि मंदाची औषधं माझ्या पगारावर चालली आहेत हेही तुला माहीत होतं. त्यानंतरची सहा वर्षं तिला तपासणीला तुझ्या टेम्पोतून तूच नेलंस. मला लाज वाटते. यापेक्षा वेगळा शब्द मला सापडला नाही, सापडला असता तरी लिहिला नसता.

चौथ्या दिवशी सकाळी मी हिबाला दोन्ही ओळी वाचून दाखवल्या, माझ्या मोडक्या अरबीत. तो पत्रा मी बंद केला, नाव माझ्या हातचं, त्या दिवशी शत्रुघ्न या देशातच नव्हता. तिने फोटो स्वतःकडे ओढून तारखेवर बोट ठेवलं. मग तिने एवढंच विचारलं, त्याला हे माहीत होतं? मी म्हणालो, त्याला वाचता येतं. तिने खोडरबर घेतलं. आता त्या पानावर लिहिलंय, पत्रा सदानंद, रंग शत्रुघ्न, आणि खाली ती तारीख आणि तुला विनाकारण काढलं होतं हेही, गॅरेजच्या नावाने. अबरार माझ्याशी बोलत नाही. गाडीला किती येतील देव जाणे. मला आता त्या आकड्याचं काही वाटत नाही. तुझा एक फोटो आणि नाव छापायला तुझा होकार हवा आहे. नको म्हणालास तर ती नाव काढेल, मी तसं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. पट्ट्यांचा रंग मात्र अजून तसाच आहे, कुठेही केसभर तडकलेला नाही.

हे सगळं फोनवर न सांगता लिहून का पाठवलं, ते आता सांगतो. मी राजीनामा दिला आहे. येत्या वीस तारखेला कायमचा घरी येतोय. मंदाला येतोय एवढंच सांगितलंय, बाकीचं नाही. ते आधी तू ऐकायला हवं होतंस आणि माझ्यासमोर नव्हे, कारण माझ्यासमोर तू पुन्हा गप्प राहून मला सोडून दिलं असतंस. तुला चिडायला वेळ मिळावा म्हणून हे पत्र माझ्या आधी पाठवतोय. रिक्षा वडापाशी सोडते, आणि तिथून आमच्या घरची वाट तुझ्या अंगणातून जाते. दुसरी व्हाळाच्या पाण्याकाठून आहे, लांबची. दोन बॅगा आणि हे गुडघे घेऊन मी आधी तुझ्याच अंगणाच्या तोंडाशी येऊन थांबेन. तू पायरीवर बसलेला दिसलास तर बॅगा तिथेच खाली ठेवीन. नाही दिसलास तर मागे वळून व्हाळाकडून जाईन, आणि त्याबद्दल तुला आयुष्यात कधी काही विचारणार नाही.

म्हणू दिलंस तर तुझाच,
सदानंद