शिल्लक उणे एक

३ मार्च
ताईला घरी बसवलं! चौकशी होईपर्यंत वॉर्डात पाऊल ठेवायचं नाही. तिचा पेशंट दुपारी गेला – रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाची सिरिंज संपली आणि नर्सने, म्हणजे ताईने, बदलली नाही, असं म्हणतात. सिरिंजमधलं औषध थेंबथेंब सोडणारा पंप आमच्या कंपनीचा, त्याचा प्रोग्राम आम्हीच लिहितो. सिरिंज संपली की तो ओरडतो. ताई म्हणाली, "ओरडला नाही गं." मग म्हणाली, "मला तरी ऐकू नाही आलं." सलग दोन ड्युट्या केल्या होत्या तिने.

४ मार्च
पंप टेबलावर घेऊन बसले. सिरिंजांमागून सिरिंजा संपवल्या. दर वेळी इमानाने ओरडला मेला.

५ मार्च
पंपाचा कोड पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

६ मार्च
सापडलं! मधेच औषधाचा वेग वाढवला – डॉक्टर वाढवतात तसा – आणि पंप मुका! एरवी तो शिलकीतून एकेक थेंब वजा करतो, शून्य आलं की ओरडतो. वेग वाढला की तीन-तीन. उरले होते दोन, वजा केले तीन. उत्तर उणे एक. पण कोडमध्ये शिल्लक ठेवायला आकड्याचा जो प्रकार निवडलाय, त्याला उणे माहीतच नाही! तिथे उणे एकचे होतात चारशे एकोणतीस कोटी. औषध उदंड आहे म्हटल्यावर पंप कशाला ओरडेल?

कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने वजाबाकीच्या या ओळीवर इशारा दिला होता. पण एक जरी इशारा उरला तरी आमच्याकडे माल बाहेर जात नाही. म्हणून चूक कोणी सुधारत नाही, कंपायलरचं तोंड बंद करतात. या ओळीवर साहेबांनी केलंय.

७ मार्च
साहेबांना दाखवलं. आधी त्यांनी दार लावून घेतलं. "दुरुस्ती पुढच्या अपडेटमध्ये गुपचूप घालू. किती हॉस्पिटलांत पंप लागलेत, कळतंय का?" मी म्हटलं, ती माझी बहीण आहे. "मग चांगला वकील देऊ."

नोकरी गेली खड्ड्यात. सोमवारी चौकशी आहे, पंप घेऊन मीच जाणार. ताईला आत्ताच सांगत नाही. साहेबांनी काही खोडा घातला तर उगाच आशेला लावल्यासारखं होईल. तिथेच सगळ्यांसमोर पंप मुका करून दाखवेन.

९ मार्च
सोमवारची चौकशी आज रविवारीच उरकली. ताईने लिहून दिलं – माझा डोळा लागला होता. पेशंटच्या मुलीपुढे हात जोडून माफीसुद्धा मागितली.

खरंच लागला होता का, मी विचारलं.

"आठवत नाही गं. पण लागलाच असणार. तुम्ही केलेलं मशीन ते, ते कसं चुकेल?"