बाभळीच्या मंजनाचा हक्क

मी चिंतामण वामन पिंपळखुटे, वय शहात्तर, धंदा दंतमंजन तयार करणे, राहणार अमरावती, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवीत आहे. माझे आधीचे मृत्युपत्र, ज्यात माझी मुलगी जुईली हिचे नाव नव्हते, ते रद्द समजावे.

१. राहते घर मुलगा केदार यास. मागच्या दोन खोल्यांत देवमन हयातभर राहील. एकतीस वर्षे त्याने माझ्याकडे बाभळीची साल कुटली. त्याच्याकडे भाडे मागू नये.

२. कारखाना, चक्की, मंजनाचे नाव व कृती जुईलीस. याचे कारण लिहिणे भाग आहे.

मामाच्या गावी, खारपाणपट्ट्यात, विहिरीतल्या फ्लोराइडने तपकिरी पडलेले दात मी लहानपणी पाहिले. फ्लोराइड म्हणजे विष, हे तेव्हापासून डोक्यात बसले. दाताची डॉक्टर होऊन आलेली जुईली म्हणाली, “बाबा, विहिरीतलं रोज पोटात जातं. मंजनात ते मोजून घालायचं, दातावर लावायचं आणि थुंकायचं.” मी म्हणालो, “माझ्या डब्यात विष घालायचं असेल तर दुसरं घर बघ.” तिने अकोल्यात दवाखाना काढला. अकरा वर्षे आम्ही बोललो नाही.

त्या काळात माझी पत्नी माणिकबाई हिला आम्लपित्त जडले. घशाशी आंबट पाणी आले की ती लगेच माझे मंजन खसखसून घासे. डब्यावर मीच तसे छापले होते. आंबटाने मऊ पडलेले दात माझ्या भुकटीने झिजत गेले. ती बोलली नाही. देवमन बोलला, “मालक, बाई भाकर दुधात भिजवून खाऊन राहिल्या. तुमाले दिसत नाही काय?”

मी तिला अकोल्याला नेले. समोरच्या दातांच्या कडा झिजून काचेसारख्या आरपार दिसत होत्या. जुईली मला एवढेच म्हणाली, “बसा.” मग आईला म्हणाली, “आंबट आलं की आधी साध्या पाण्याने चूळ भर. घासायची घाई नको.”

बसल्या जागेवरून मला तिचे कपाट दिसले. बरण्यांत लिंबाचा रस, त्यात रुग्णांचे काढलेले दात, शेजारी माझ्या मंजनाचे डबे. दोन वर्षांपासून ती बाभळीच्या सालीचा काढा फ्लोराइडसोबत तपासत होती. “एकट्या सालीने भागत नाही, बाबा. फ्लोराइडच्या जोडीला दिली तर दात कमी झिजतो, असं माझ्या बरण्यांत तरी दिसतं. अजून पुष्कळ तपासायचं आहे.” जिला मी घराबाहेर काढले, ती माझे डबे विकत आणत होती.

झिजलेले परत आले नाही. पित्ताचे औषध आणि फ्लोराइडचा लेप यांनी उरलेले टिकले. गेल्या वर्षी माणिकबाई वारली. शेवटपर्यंत कोरडी भाकर चावून खात होती.

३. भुकटी यापुढे वस्त्रगाळ करावी. फ्लोराइड किती, हे जुईली ठरवील. डब्यावरचा माझा फोटो काढून त्या जागी ‘आंबट खाल्ल्यावर लगेच घासू नये’ असे ठळक छापावे.

४. बाळापूर रस्त्यावरच्या भिंतींवर मी ‘फ्लोराइडमुक्त’ असे रंगवून घेतले आहे. माझ्या तेराव्याच्या आत त्यावर चुना फासावा.

५. बँकेतली ठेव निम्मी केदारला, निम्मी जुईलीच्या तपासणीसाठी. निकाल साल निरुपयोगी असा लागला तरी तो लपवू नये.

६. माझे मावसभाऊ भर पंगतीत जुईलीला घरभेदी म्हणाले. त्यांना काही नाही. मी तेव्हा शेजारीच जेवत होतो आणि गप्प बसलो, हेही नमूद करतो.

७. जुईलीची माफी मी आजवर तोंडाने मागितलेली नाही. इथे सही झाली की दुपारच्या बसने अकोल्याला निघतो आहे. तिथे जाऊनही जीभ उचलली नाही, तर वाचणाऱ्याने हे कलम तिच्यासमोर मोठ्याने वाचावे. दोनदा वाचावे.

सही: चिंतामण वामन पिंपळखुटे

आमच्यासमोर त्यांनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. खुशालराव ठाकरे, शेजारी
२. रागिणी देशमुख, वकील

अमरावती, १४ नोव्हेंबर २०२५