हिरवा प्रकाश देणारा स्फटिक यापुढे न चाटण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षकसाहेब,
किनारा तपासणी कचेरी,
वेंगुर्ले, जि. रत्नागिरी.

विषय : जप्त केलेला स्फटिक, न चाटता, परत मिळण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कचेरीचे पंचनामे, दि. १८, २३ व ३० एप्रिल १९६८.

महोदय,

१. मी खाली सही करणार सहदेव गुणाजी आरोसकर, शिरोडे येथील शाळेत विज्ञान शिकवतो. दि. १८ एप्रिल रोजी सायंकाळी शाळेच्या प्रयोगशाळेतून समुद्राच्या दिशेने हिरवा प्रकाश चमकला व तो चोरट्या मालाच्या होडीला केलेला इशारा असावा, असा आपल्या गस्तीच्या लोकांचा संशय आहे. प्रकाश चमकला हे मला पूर्ण कबूल आहे. साहेब, काय चमकला!

२. खुलासा असा. निओडिमियम मिसळलेली एक काचेची दांडी मुंबईच्या प्रयोगशाळेत मोडीत निघाली, ती भाच्याने मला आणून दिली. तिच्याशेजारी फोटोग्राफरच्या फ्लॅशसारखा दिवा क्षणभर पेटवला की दांडीतून लेसर किरणांचा एक ठोका निघतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. शिवणयंत्राच्या मोटरीवर आरसा गरगर फिरवून हा प्रकाश आत कोंडावा व एकदम सोडावा, म्हणजे ठोका अगदी छोटा, पण जोर प्रचंड होतो. असा जोरदार प्रकाश योग्य कोनात धरलेल्या स्फटिकातून गेला, की प्रकाशाच्या काही कणांच्या जोड्या जुळतात, दोहोंचा मिळून एक कण होतो, आणि तो हिरवा असतो. ही लबाडी माझी नसून निसर्गाची आहे.

३. सदर स्फटिक मिठागरात राबणाऱ्या यमुनाबाईंनी वाढवला. मला चार वेळा जमले नव्हते; माझे खडे ढगाळ निघत. बाईंनी पोटॅशच्या क्षाराचे पाणी लोणच्याच्या बरणीत भरले, बरणी भाताच्या तुसात पुरली, बारीकसा खडा मासे गळाला लावायच्या तंगुसाला बांधून आत टांगला आणि मला बजावले, "मास्तरानू, हात लावू नकात. घाई केल्यार मीठ रुसता." सात महिने त्यांनी त्या बरणीजवळ कोणाला शिंकू दिले नाही.

४. पहिला हिरवा ठोका पडताच मी बेभान झालो आणि बाईंना आणायला अनवाणी मिठागराकडे धावत सुटलो. वाटेत एका भटजींना व दोन म्हशींना ही बातमी सांगितली. बाईंना घेऊन परतलो, तोवर गस्तीचे लोक स्फटिक घेऊन गेले होते. ज्यांनी तो वाढवला त्यांनीच तो प्रकाश पाहिलेला नाही, याचे मला फार वाईट वाटते. माझी मूळ तक्रार एवढीच आहे.

५. पुढे ती वाढत गेली. वस्तू काय आहे हे ठरवण्यासाठी बोलावलेले पाचही पंच मिठागरातले होते. आमच्याकडे पांढरा खडा दिसला की माणूस तो आधी जिभेला लावतो. त्यात त्यांचा दोष नाही. पहिल्या पंचनाम्यात नोंद आहे, 'वजन ८२ ग्रॅम, चव खारट, किंचित तुरट.' 'तुरट' यावर मतभेद झाल्याने दुसरा पंचनामा झाला, 'वजन ७६ ग्रॅम, चव थंड.' तिसऱ्यात वजन ६९ ग्रॅम असून चवीबाबत एकमत नाही. खुद्द साहेबांनीही वाईच लावून पाहिला, असे आपले शिपाई धोंडू सांगतात. त्यावर माझा विश्वास नाही.

६. रेशमी फडक्यावर अकरा दिवस घासून मी केलेल्या पैलूंची वाट लागली असणार. हरकत नाही, पुन्हा घासीन. परंतु चौथा पंचनामा झाला, किंवा मृगापर्यंत खडा आपल्या दमट कोठीत राहिला, तर घासायला काही उरणार नाही.

७. तरी खडा कापसात गुंडाळून, कोरड्या डब्यात घालून, आपण स्वतः शाळेत घेऊन यावे ही विनंती. पहिला ठोका यमुनाबाई पाहतील, दुसरा आपण. प्रकाश भिंतीवर पडेल. तो पापणी लवण्याच्या आत संपतो, म्हणून कृपया त्या वेळी शिंकू नये. हिरवा न पडल्यास मला खुशाल अटक करावी. पडल्यास आपणही अनवाणी धावत सुटाल, याची मला खात्री आहे.

उत्तराची रोज टपालाच्या वेळी फाटकात उभे राहून वाट पाहणारा,

आपला नम्र,
स. गु. आरोसकर
शिरोडे, दि. ६ मे १९६८

सोबत :
१. तिन्ही पंचनाम्यांच्या नकला.
२. अर्जदार एरवी शांत स्वभावाचा असल्याबद्दल मुख्याध्यापकांचा दाखला.
३. शिरोड्याचे जाडे मीठ, एक मडके. हे यमुनाबाईंनी आपल्या कचेरीसाठी दिले असून त्यांचा निरोप त्यांच्याच शब्दांत असा : "चाटूचा आसात तर ह्या मीठ चाटा. खडो माझो आसा, आणि तेचो उजेड मी अजून बघूक नाय."