गोळी घेतलीस का, हे कोणी विचारावं

मंगळवार, उल्हासनगर. दिवेलागण.

आज ऑफिसात बीपीच्या गोळ्यांवरचा एक संशोधन-अहवाल तपासला आणि शेरा मारला, पक्षपाताचा धोका जास्त, म्हणजे उत्तरं एका बाजूला झुकलेली असणार. अंबरनाथच्या वस्तीत ज्या आशा सेविकांनी घरोघरी गोळ्या वाटल्या, त्यांनीच नंतर विचारलं, "रोज घेता ना?" सगळे हो म्हणाले. म्हणणारच! लेकीसारखी बाई दारात उभी, तिला नाही कोण म्हणेल? विचारणारं माणूस परकं हवं, असं मी अगदी ठसक्यात लिहिलं.

घरी आल्यावर आईला विचारलं, "बीपीची गोळी घेतलीस?"

"हो गं, घेतली."

रोजचंच उत्तर. आज मात्र खटकलं. गोळ्या आणते मी आणि विचारतेही मीच!

शेजारच्या सिंधी आंटींना म्हटलं, जरा तुम्ही विचारून बघा. पाच मिनिटांत आल्या. "मम्मी आठ दिन से गोली नहीं ले रही. गोली से चक्कर आता है. बोली, लडकी को मत बताना, बेचारी थकके आती है."

उद्या रजा टाकून तिला डॉक्टरांकडे नेते. रागावणार नाही. कुठल्या तोंडाने रागावू? आत्ताच तिने स्वयंपाकघरातून विचारलं, "दुपारी जेवलीस ना?" मी हो म्हटलं. डबा अजून पिशवीत भरलेलाच आहे.