प्लॅटिनमची तार

रायपूर, शुक्रवार

प्रिय रणजित,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच ठेवून देशील, अशी भीती वाटते. गेल्या पंधरा दिवसांत तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. त्याआधीच्या दोन वर्षांत मी एकदाही केला नव्हता, तेव्हा तक्रार कसली करणार?

गेल्या महिन्यात प्रयोगशाळेत प्रयोगाचं काचेचं भांडं, आपला सेल, धुताना प्लॅटिनमची तार तुटली. नवी येईपर्यंत मीनलने, या वर्षीच्या माझ्या विद्यार्थिनीने, समोरचा इलेक्ट्रोड म्हणून तारेऐवजी ग्रॅफाइटची कांडी लावली. आलेख मी पुन्हा पुन्हा पाहिला. प्लॅटिनम न वापरता प्लॅटिनमइतकंच काम करतं म्हणून ज्याचा आपण एवढा गाजावाजा केला, तो आपला उत्प्रेरक, कोबाल्ट ऑक्साइड आणि ग्राफीनचं मिश्रण, ऑक्सिजनची अभिक्रिया जेमतेम घडवत होता. हुबेहूब तुझा आलेख. मीनलवर ओरडणार होते, तेवढ्यात तू आठवलास.

मग सहा दिवस सकाळी आठपासून मी स्वतः बसले. उत्प्रेरकाची पूड ताजी, द्रावण ताजं, हात माझे. कांडी लावली की दरवेळी तेच. नवी तार आल्यावर ती लावली, तर चाचणीच्या पहिल्या फेरीला आलेख तसाच, पण हजार फेऱ्यांनंतर आलेख चढायला लागला. आपला उत्प्रेरक वापरावा तसा सुधारतो, असं तुझ्या आधीच्या विद्यार्थिनीच्या, ज्ञानदाच्या, आणि माझ्या शोधनिबंधात किती अभिमानाने लिहिलं होतं! तार कणाकणाने विरघळून आपल्या पुडीवर बसत होती, एवढंच. पूड दुसऱ्या संस्थेत तपासायला पाठवली. मंगळवारी अहवाल आला. त्यात प्लॅटिनम आहे.

त्यानंतर तुझी वही काढली. अकरा ऑगस्टच्या पानावर तू लिहिलंयस, ‘तार विरघळत असेल का? मॅडमना विचारणे.’ आणि तू विचारलंही होतंस, सगळ्यांसमोर उभं राहून. "मॅडम, तारेतलंच प्लॅटिनम येऊन राहिलं असंन तर?" मी म्हणाले, ज्ञानदाला जमलं ते तुला जमत नाही, तर तारेला दोष देऊ नकोस. पुढे आठ महिने तुझ्याकडून तेच तेच करून घेतलं. तारेवर तुझा विश्वास नव्हता, म्हणून तू प्रत्येक वेळी ग्रॅफाइटची कांडीच लावलीस आणि प्रत्येक वेळी मला नको तो आलेख आणलास. शेवटी खोलीचं दार लावून विचारलं, आकडे मनाने लिहितोस का? तू शांतपणे म्हणालास, "मी खोटं काहून बोलू मॅडम? खोटंच बोलायचं असतं तर तुम्हाले पाहिजे तेच आकडे आणले असते." इतकी साधी गोष्ट मला कळली नाही. कळून घ्यायची नव्हती, असंच म्हणायला हवं. तुझी प्रगती असमाधानकारक असल्याच्या कागदावर मी त्याच आठवड्यात सही केली आणि तुझं संशोधन तिथेच संपलं.

बुधवारी गुढियारीला तुझ्या घरी गेले. मला वाटलं, आई दारातूनच परत पाठवतील. त्यांनी खुर्ची पुसून दिली. म्हणाल्या, "तुमची काय चूक मॅडम, त्याचंच मन नाही लागलं. तो तर अजून सांगते, मॅडमनं मले लय शिकवलं." मी चहा पिऊन उठले. खरं सांगायला गेले होते, तू आता शिकवतोस त्या अभनपूरच्या शाळेचा पत्ता घेऊन परत आले.

ज्ञानदालाही फोनवर सांगितलं. तिची परदेशातली नोकरी याच निबंधावर उभी आहे. तिने विचारलं, "मॅडम, हे आपल्या दोघींतच राहू शकत नाही का?" रणजित, तुझ्यापासून लपवत नाही, एक अख्खा दिवस मी त्यावर विचार केला.

आज सकाळी नियतकालिकाला निबंध मागे घेत असल्याचं पत्र पाठवलं. ही चूक सर्वांत आधी तू दाखवलीस, हे त्यात तुझ्या नावानिशी आणि तारखेनिशी लिहिलंय. संस्थेलाही सगळं कळवलं; त्यांनी दुपारीच चौकशी समिती नेमली. पुढच्या आठवड्यात ते तुला बोलावतील. कोणीतरी तुला आधीच गाठून ‘मॅडमच्या वयाचा विचार कर’ असं सांगेल, म्हणून हे पत्र घाईने लिहितेय. दार लावून मी तुला जे विचारलं, ते कुठल्याच कागदावर नव्हतं. माझ्या जबाबात मी ते लिहून दिलंय. तूही सांग, शब्द न शब्द सांग. मला माफ करावंस किंवा परत यावंस, हे मागायला तोंड नाही. पण समितीसमोर जाण्याआधी हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं: त्या दिवशी त्या खोलीत एकच माणूस खरं बोलत होता, आणि तो तू होतास.

तुझी मॅडम,
चित्रा